इलॅस्टिकचे वळ

नाही, नाही, पाऊस नाही पडायचा. सकाळपासून असंच आहे — आभाळ भरलेलं, पण थेंब नाही, वारा नाही, कशाची सावलीसुद्धा पडत नाही. बघा ना, तुम्ही दारात उभे आहात आणि तुमची सावली नाही. सून म्हणते, बाबा, असा दिवस मागून मिळत नाही, उन्हावर कापसाचा थर दिल्यासारखा उजेड असतो. मी गादीवाला माणूस, माझ्याशी बोलायचं तर तिला कापसातच बोलावं लागतं. या, आत या. ओरडलात ते ऐकलं मी, बहिरा नाही. हळू सांगितलंत तरी कळतं. नाही — जिन्यावर नाही जायचं. जिन्याचं दार आतून बंद आहे, आणि त्याच्यापुढे ही माझी खुर्ची आहे, आणि काम चालू असताना ही खुर्ची मी हलवत नसतो. खांद्याला हात नका लावू साहेब, हातात इस्त्री आहे, गरम आहे, उगाच चटका बसायचा. बसा त्या बाकावर. हो, तुमची बायको वर आहे. मी कुठं नाही म्हणतोय? आहे. चांगली आहे. बसा.

गळ्यातलं ते कापड तरी सोडून यायचं होतं हो. समोरचा सलूनवाला शोधत असेल. आणि एक गाल झालाय तुमचा, एक राहिलाय — हे घ्या फडकं, फेस पुसा, कानाखाली ओघळलाय. म्हणजे तुम्ही त्याच्या खुर्चीत होतात. त्याच्या आरशात रस्ता दिसतो, मला ठाऊक आहे, मीही पूर्वी तिथंच दाढी करायचो. रिक्षा थांबली, बाई उतरली — ढगळ गाऊन, पायात सपाता, हातात पिशवी, केस कसेतरी वर बांधलेले. आणि तो म्हणाला असणार, आली बघा आणखी एक, झोपेतून उठून थेट धंद्यावर. म्हणाला ना? तो तेच म्हणतो. दर वेळी तेच म्हणतो, शब्द बदलायचेही कष्ट घेत नाही. आणि तुम्ही हसलात. नाही म्हणू नका हो, त्याच्या खुर्चीतला प्रत्येक जण हसतो, वस्तरा गळ्यावर असताना न हसून जाणार कुठं? हसलात. आणि हसता हसता गाऊन ओळखीचा वाटला. तोंड नाही ओळखलंत, गाऊन ओळखलात — असो. असो, माझं काय जातं.

आता गाऊनचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. साधी गोष्ट आहे, पण समोरच्याला वर्षभर सांगून कळली नाही, तुम्हाला कळते का बघू. तुमचा मोजा काढा. काढा ना, इथं आपण दोघंच आहोत. आता घोट्याच्या वर बघा — गोल वळ दिसतोय? इलॅस्टिकचा? हां. तो जायला किती वेळ लागतो, बघितलंय कधी? कशाला बघाल. मोजा काढला की पुरुष पाय पसरतो आणि विसरतो. पण फोटोत तो वळ येतो साहेब, तांबडा, कुणी दोरीनं बांधून ठेवल्यासारखा. आणि बाईच्या अंगावर असले किती — कमरेला नाडीचा, खांद्यांवर पट्ट्यांचे, पाठीवर आडवा, मनगटाला घड्याळाचा. सून वर बायकांचे फोटो काढते, म्हणून ती फोनवरच सांगते, आदल्या रात्रीपासून घट्ट काही घालू नका, ढगळ घालून या, काय नटायचं ते इथं येऊन नटा. म्हणून त्या गाऊनवर येतात. आणि तरीही एखादी सवयीनं काहीतरी घट्ट घालून येतेच, मग वळ जाईपर्यंत बसते — तुम्ही बसलाय त्याच बाकावर. मी भिंतीकडे तोंड करून इस्त्री करत असतो, मधूनच विचारतो, गेले का? त्या म्हणतात, नाही अजून. तुमचीही बसली होती सकाळी. खूप वेळ बसली. म्हणाली, काका, हे आता वळ राहिले नाहीत, कातडीच तशी झालीय. मी म्हटलं, जातील, थोडा धीर धर. मग वर गेली. मघाशी पिना संपल्या म्हणून तोच गाऊन चढवून रिक्षानं जाऊन आली, तेव्हा तुम्हाला दिसली. आता रस्त्यावरून काय दिसतं? बाई झोपेच्या कपड्यात आत जाते आणि दुपारी नटूनथटून बाहेर पडते. झालं! त्यावर समोरच्यानं अख्खा सिनेमा रचला. हुशार माणूस. एवढी हुशारी केस कापण्यात घातली असती तर माझ्या मानेवर जिना केला नसता त्यानं.

या फोटोंचं नाव पण कसलं विचित्र आहे बघा — बुदुआर. मला पहिले काही महिने म्हणताच यायचं नाही. मी सुनेला विचारलं, म्हणजे काय गं? ती म्हणाली, बाबा, बाईची स्वतःची खोली. मूळ अर्थ म्हणे रुसून बसायची खोली. म्हणजे आपलं कोपभवनच की! मला हसू आलं. म्हटलं, आपल्या घरात अशी खोली कधी नव्हती. म्हातारी, माझी बायको हो, रुसायची ती भांडी घासता घासता, आवाजावरून कळायचं — पातेलं आपटलं तर साधा राग, चमचे आपटले तर दोन दिवस बोलणं बंद. खोली कुठली द्यायची तिला? खोल्या तीन, त्यातल्या दोन कापसानं भरलेल्या. असो. तर मी काय समजलो, की पलंगावरचे फोटो म्हणजे — आता तुमच्यापासून काय लपवायचं, तुम्ही समजलात तेच मीही समजलो. म्हटलं, सून आहे, कर्ती आहे, मुलगा म्हणतो करू दे, तर करू दे. आपण गादी द्यावी. आणि मी काय केलं, जन्मात केली नाही अशी मऊ गादी केली. कापूस वेचून घेतला, स्वतः पिंजला, या गुडघ्यांनी! वाटलं, असल्या फोटोला असलीच गादी लागणार, लोण्यासारखी. वर नेली, अंथरली, आणि सून त्यावर बसली ती कमरेपर्यंत आत गेली. म्हणाली, बाबा, या गादीत बाई बुडते हो, नुसतं नाक दिसेल! मला कडक पाहिजे. किती कडक? तर म्हणाली, दवाखान्यात असते तशी. उसवली, सगळी उसवली, काथ्या भरला, दाबून दाबून टाके घातले. आता ती गादी म्हणजे पाट आहे. तुम्ही त्यावर एक रात्र झोपून दाखवा, सकाळी मी मालिश करून देतो. आणि समोरचा सांगतो, मखमल आहे म्हणे, गुलाबाच्या पाकळ्या आहेत, लाल दिवा आहे. लाल दिवा! वर दिवाच नाही हो, उजेडावर काम चालतं तिचं, म्हणून तर आभाळाची चर्चा. एक खिडकी, तिला पांढरा पडदा, एक पलंग, एक स्टूल आणि माझी पांढरी चादर — अशीच, ही दुसरी वरच्यासाठीच इस्त्री करतोय.

बसा, बसा. उठू नका. तो धप्प आवाज स्टुलाचा होता, सून स्टुलावरून उतरली. ती असते जुन्या ट्रॅकपॅन्टमध्ये, गुडघ्यावर फाटलेली, आणि तोंडात तिच्या काय असतं ठाऊक आहे? हनुवटी खाली. खांदा पुढं. श्वास सोडा. बोटं सैल, बोटं सैल, पिशवी धरल्यासारखी नको! दिवसभर हेच. मी इथं ऐकतो, मला पाठ झालंय. कधी कधी मीच इस्त्री करताना श्वास सोडतो. लोकांना वाटतं बाई लोळते आणि फोटो निघतात. अहो, कंबर एकीकडे, मान दुसरीकडे, पोट आत, पाय हवेत, आणि वर चेहरा असा की काही होतच नाहीये — करून बघा घरी आरशासमोर. खाली उतरतात तेव्हा पहिलं काय मागतात? गरम पाण्याची पिशवी. कमरेला लावून बसतात, आणि चहा घेतात, आणि एकमेकींच्या ओळखी नसताना एकमेकींना विचारतात, तुमचीपण डावी बाजू गेली का? एवढी ती रंगीली दुनिया. मागे एक बाई आल्या होत्या, नुकत्याच नोकरीतून निवृत्त झालेल्या, आयुष्यभर बस चालवली. त्यांनी काय घातलं? काही काढलंच नाही, उलट रजई हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि फक्त पावलं बाहेर. म्हणाल्या, या पावलांनी इतकी वर्षं ब्रेक दाबला, यांचे काढा. निघाले फोटो. सून म्हणते, यापेक्षा चांगले मी काढलेच नाहीत. आता बोला. कुठं गेला तुमचा उघडेपणा? नुसती पाठ आणि वेणी, कुणाची. कुणी नवऱ्याचा शर्ट घालून, बटणं गळ्यापर्यंत. आणि कुणाला काहीच नको असेल अंगावर तर तेही, तिची मर्जी, तिचं अंग. तुम्हाला मुकादम नेमलंय का?

तरुण? बारीक? हे पण त्यानंच सांगितलं? त्याला कोण तरुण दिसतं कुणास ठाऊक, चष्मा लावत नाही. बारीक येतात, जाड येतात, पोटावर टाके असलेल्या येतात, एकीच्या मानेपासून दंडापर्यंत भाजल्याचं आहे. तिनं विचारलं, हे काढून टाकाल ना कॉम्प्युटरवर? सून म्हणाली, चार दिवसांत आपोआप जाईल ते मी काढते — पुटकुळी, डास चावलेला, झोप न झाल्याचं काळं. जन्माचं आहे ते तुम्ही सांगितल्याशिवाय काढत नाही. आधी बघा, मग सांगा. तिनं बघितले फोटो. बराच वेळ बघितले. मग म्हणाली, राहू दे. तर असं आहे ते. त्या बाहेरच्या शहाण्यांना वाटतं मशीनमध्ये म्हातारी घातली की तरुणी बाहेर येते.

आणि कुणासाठी? हा तुमचा खरा प्रश्न, मघापासून तो ओठावर आहे, फेसाच्या आड. कुणासाठी काढतेय ती? नवऱ्यासाठी असतं तर नवऱ्याला सांगितलं असतं, सांगितलं नाही म्हणजे दुसऱ्या कुणासाठी — हा तुमचा हिशेब. दोनच खाती तुमच्या वहीत, माझं आणि दुसऱ्याचं. तिसरं खातं नाही. तिचं स्वतःचं असं नाहीच काही. हसू येतं हो मला, राग येत नाही, या वयात रागाला अंगात जोर लागतो. नवऱ्यांसाठी पण काढतात म्हणा, का नाही. एकीनं काढले होते, लग्नाच्या वाढदिवसाला द्यायला, सुंदर अल्बम केला सुनेनं, कापडी पुठ्ठ्याचा. तिनं नवऱ्याला दिला. नवऱ्यानं पानं उलटली. सगळी उलटली, आणि म्हणाला, छान आहेत, मॉडेल छान आहे — तुझे कधी काढणार? थट्टा नाही हो! खरंच विचारलं त्यानं! त्याच बाकावर येऊन बसली होती ती दुसऱ्या दिवशी, सांगता सांगता हसत सुटली, इतकी हसली, इतकी हसली, की मग मला इस्त्री बंद करून पाणी आणावं लागलं. घरातल्या बाईचं तोंड न बघणारा माणूस, आणि त्याला विचारा की भिंतीवर घड्याळ कुठल्या कंपनीचं आहे — चटकन सांगेल.

काय म्हणालात? मी नवरा आहे तिचा? अहो म्हणून तर बाकावर बसवलंय. दुसरं कुणी असतं तर रस्त्यावरच थांबवलं असतं. समोरचा एकदा आला होता असाच, हात पुसत पुसत, गोड तोंड करून — काका, एखादा नमुना दाखवा की, आम्हालाही कळू दे कला. मी म्हटलं, तुझ्या खुर्चीत माणूस मान मागे टाकून, डोळे मिटून, तोंडाला फेस फासून, गळा उघडा करून पडतो आणि तुझ्या हातात वस्तरा असतो. त्याहून जास्त उघडं माणूस माझ्या वरच्या खोलीत होत नाही. तुझ्या गिऱ्हाइकांचे फोटो काढून मी रस्त्यावर लावू का? गेला. तेव्हापासून तो माझे केस कापत नाही आणि मी त्याच्याकडून कापून घेत नाही, दोघंही सुखात आहोत.

नेटवर? हां, हे विचारलंत ते बरं केलंत. सबंध बोलण्यात ही एक गोष्ट डोक्यानं विचारलीत. नाही जात. बाईच्या हाती दिले की सून आपल्याकडचे पुसून टाकते, ठेवायचे असतील तर बाईला विचारून ठेवते, आणि दाखवायचा तर प्रश्नच नाही. नियम आहे तिचा — ज्याचा फोटो, त्याला विचारायचं. नवऱ्यानं मागितला, सासूनं मागितला, कुणी फौजदार घेऊन आला, तरी उत्तर एकच. ज्याचा फोटो त्याला विचारा. इतका साधा नियम आहे, मी इथं बसून कितीकांना सांगितलाय, आणि प्रत्येक जण असा बघतो माझ्याकडे जसं काही मी परकी भाषा बोलतोय.

खोटं बोलली? काय म्हणाली जाताना? दाताच्या डॉक्टरकडे. बरं. आणि तुम्ही काय म्हणालात? नाही, आठवा ना, घाई नाही. म्हणजे बायको सकाळी उठून, गाऊन घालून, दाताच्या डॉक्टरकडे निघाली, आणि तुम्ही कुठला दात असं विचारलं नाहीत. दुखतो का, विचारलं नाहीत. गाऊनवर का चाललीस, तेही नाही. मोबाइलमध्ये होतात? पेपरात? दार लावून घे म्हणालात — बघा! दार लावून घे. मग कशाला रागावता हो? तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं तिनं कदाचित. कदाचित नसतं सांगितलं. पण तिनं खोटं तयार करून ठेवलं होतं, पिशवीत घालून ठेवलं होतं नीट घडी करून, आणि ते तुम्ही उघडूनसुद्धा बघितलं नाहीत. उगाच केली मेहनत बिचारीनं.

हसतेय ना? ऐका. तीच. तुमचीच आहे ती. ओळखलंत आवाजावरून? मग असे काय बघताय वर, छत पडल्यासारखे. बसा. हसण्यावर दार उघडून जायचं नसतं, दार उघडलं की हसणं थांबतं, एवढं तरी — एवढं तरी कळायला पाहिजे माणसाला. असंच झालं होतं. नाही, कुणाचं नाही. घरातलंच. म्हातारीचं. आमच्या.

अहो, काही नाही, ती काय फोटो काढायला थोडीच गेली होती. नवी कडक गादी आली ना, सुनेला उजेड बघायचा होता, पलंगावर कुणीतरी पाहिजे. म्हणाली, आई, जरा वर येता का, नुसतं बसायचं. म्हातारी म्हणाली, मला भाजी चिरायचीय. सून म्हणाली, चिरते मी नंतर. गेली. मी इथंच, ह्याच खुर्चीत. म्हटलं येईल पाच मिनिटांत. भाजी तशीच पडून राहिली, चाकू तसाच. आणि वरून हसण्याचा आवाज आला. मला आधी वाटलं सून हसतेय. पण सुनेचा आवाज बारीक, हा भरडा. मग मी उठलो, जिन्याच्या अर्ध्यापर्यंत गेलो — काही नाही हो, म्हटलं बघावं गादीचं काय झालं, टाके नीट बसले का — आणि खालून हाक मारली, अगं, काय चाललंय? तर सगळं गप्प. एकदम गप्प, जशी वीज जाते. थोड्या वेळानं उतरली. केस मोकळे होते, खांद्यावर, पांढरे. एवढे आहेत अजून, मला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, काय करत होतीस एवढा वेळ? म्हणाली, बसले होते. आणि मी म्हटलं — थट्टेनं हो, नवराबायकोत थट्टा नसते का? — म्हटलं, आता काय, कॅलेंडरवर छापणार वाटतं म्हातारीला. एवढंच. वाईट काय आहे त्यात? तुम्हीच सांगा. तिनं केस बांधले, चाकू घेतला, भाजी चिरली. पातेलं नाही आपटलं, चमचा नाही आपटला. मी म्हटलं, म्हणजे राग नाही. राग असता तर आवाज झाला असता ना? इतक्या वर्षांत मला आवाज कळत नाहीत का?

आहे फोटो. सुनेनं छापून दिला, एकच. कपाटात आहे तिच्या, खालच्या कप्प्यात कुठंतरी, कपाटाला कुलूप नाही, कधीच नव्हतं. मी उघडलेलं नाही. मला काय गरज? मी सुनेला एकदा सहज विचारलं, आईचा फोटो कसा आला गं? तर ती माझ्याकडे बघून म्हणाली, बाबा, ज्याचा फोटो त्याला विचारायचं. माझंच वाक्य मला! लोकांना सांगून सांगून मी त्याला धार लावली, आणि — बरोबरच आहे तिचं. नियम म्हणजे नियम. विचारीन की म्हातारीला. घाई काय आहे? रोज समोरासमोर जेवायला बसतो आम्ही. विचारीन एखाद्या दिवशी, तिचा मूड बघून. तसं तिचं बरं चाललंय, गाणं गुणगुणते हल्ली. पूर्वी नाही गुणगुणायची. गुणगुणायची का? नाही बहुतेक. मी खोलीत गेलो की थांबते, म्हणून नक्की सांगता येत नाही.

काय? मी बघितला का? अहो आत्ताच सांगितलं ना मी, लक्ष कुठं आहे तुमचं! नाही बघितला. आणि तुम्हाला काय करायचंय? तुमची बायको वर आहे, माझी बाजारात गेलीय, तुम्ही तुमचं बघा. असं नका बघू माझ्याकडे. एक गाल दाढीचा घेऊन मला न्याय शिकवायला आलाय का? माझं निराळं आहे. मी काही ओरडत आलो नव्हतो. मी कुणाचं दार वाजवलं नाही. मी — हळू, कडी वाजली. ऐकलीत? वरचं दार. आता ती कपडे बदलेल, मग उतरेल.

उठा. उठा तुम्ही. ते कापड गळ्यातलं नीट करा, जा समोर, उरलेला गाल करून घ्या, आणि तो काही बोलला तर या वेळी हसू नका, एवढं जमेल? मागच्या दारानं जा, इकडून. तिला बाकावर तुम्ही दिसता कामा नये. कमरेला पिशवी लावून ती थोडा वेळ बसेल, चहा घेईल, तेवढा तिचा आहे. घरी आली की म्हणेल, दात ठीक आहे. म्हणू दे. दाखव म्हणू नका. कुठं ठेवलास म्हणू नका. आणि थट्टा — थट्टा तर मुळीच करू नका, कितीही साधी वाटली तरी. ती आपण होऊन दाखवेल तेव्हा बघा, आणि नाही दाखवला तर नाही. राहता येतं. राहतात माणसं. सवय होते.

काय आहे म्हणजे? कुठल्या फोटोत? म्हातारीच्या? तुम्ही मोठे चिवट हो. मला काय ठाऊक काय आहे. भिंतीपलीकडच्या शिवणवाल्या बाईंना ठाऊक आहे, त्यांना दाखवला तिनं. दुपारी दोघी बसल्या होत्या कपाटापाशी, मी पलीकडे होतो, दार लोटलेलं. चांगल्या आहेत त्या बाई, आमच्या भिंतीला भिंत लावून संसार केला त्यांनी, मनात काही नसतं त्यांच्या. परवा आल्या माझ्याकडे, जाड कापड शिवायचं होतं म्हणून दाभण मागायला. मी दिला. दिला आणि पुन्हा कामाला लागलो. त्या निघाल्या, उंबऱ्यावर थांबल्या, मागे वळल्या, आणि म्हणाल्या, ‘काका, काकूंना हसताना खळी पडते हो, डाव्या गालाला! एवढी वर्षं शेजारी राहून मला कधी दिसली नव्हती. तुम्हाला काय म्हणा, तुम्ही तर रोज बघत असाल.’